हट्टीची सोन्याची खाण : कारभार आणि कामगारांची सुरक्षितता

भारतातील सोन्याच्या खाणींचा विषय निघाला की बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव येते ते कोलारचे. ते स्वाभाविकच आहे. सव्वाशे वर्षांच्या आयुष्यात कोलारने सुमारे आठशे टन सोने दिले आणि जगातील अतिखोल खाणींत आपले नाव नोंदविले. परंतु पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात, रायचूर जिल्ह्यातील लिंगसुगूर तालुक्यात, हट्टी नावाची आणखी एक खाण होती आणि ती आजही चालू आहे. कोलारच्या तुलनेत ती लहान. १९०२ ते १९२० या पहिल्या आधुनिक कालखंडात तिने दिलेले सोने सुमारे सात टनच भरते. हैदराबाद राज्याच्या इतिहासाविषयी मराठीत जे लेखन झाले, त्यात मराठवाड्याची शेती, निजामी दरबार, स्टेट काँग्रेसचा लढा आणि भाषेचा प्रश्न यांना योग्य स्थान मिळाले आहे. मात्र मराठी, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषकांच्या त्या राज्याच्या भूगर्भातील संपत्तीचा आणि ती वर काढणाऱ्या माणसांचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. शताब्दी ग्रंथाच्या निमित्ताने त्या दुर्लक्षित विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हट्टीचा इतिहास निव्वळ सोन्याचा इतिहास म्हणून वाचला तर तो साधाच वाटेल. तो कारभाराचा इतिहास म्हणून वाचला, म्हणजे पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा आणि जीव कोणाचा या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने वाचला, तर लहान खाणीत माणूस सुरक्षित का राहत नाही याचा उलगडा होऊ लागतो.

भूमी आणि प्राचीन खाणकाम

कृष्णा आणि तुंगभद्रा या नद्यांमधील प्रदेशाला रायचूर दुआब म्हणतात. विजयनगर आणि बहमनी सत्तांनी या दुआबासाठी पिढ्यान्‌पिढ्या युद्धे केली. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडाबरोबर हा दुआबही इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. या भागात ज्या अतिप्राचीन खडकांचे पट्टे आहेत, त्यांना भूगर्भशास्त्रज्ञांनी धारवाड या गावावरून नाव दिले आहे. हट्टी आणि मस्की ही गावे अशाच एका पट्ट्यात येतात. काळ्या-हिरवट खडकात गारगोटीच्या शिरा उभ्या-तिरप्या खोल उतरत जातात आणि त्यांतच सोन्याचे बारीक कण विखुरलेले असतात. ही नदीच्या वाळूत धुऊन काढण्याची संपत्ती नव्हे. शिरेचा माग काढीत खडक फोडून खाली उतरावे लागते.

हे काम येथे फार पूर्वीपासून चालत आले. हट्टीतील प्राचीन खोदकाम सुमारे ६४० फूट खोल गेल्याचे आढळले आणि त्यातून मिळालेल्या लाकडाचा काळ शास्त्रीय पद्धतीने तपासल्यावर तो ख्रिस्ताब्दाच्या आगेमागे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ठरला. प्राचीन जगातील इतक्या खोल गेलेल्या खाणी बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. निजाम सरकारच्या सेवेतील कॅप्टन लिओनार्ड मन यांनी या जुन्या खाणींचा आणि दख्खनमधील महापाषाणयुगीन अवशेषांचा संबंध विसाव्या शतकाच्या प्रारंभीच मांडला होता. पुढे एफ. आर. ऑलचिन यांनी प्राचीन भारतातील सुवर्णखाणकामाचा सविस्तर अभ्यास केला.

त्या काळी सुरुंगाची दारू नव्हती. खडकाच्या तोंडाशी लाकडे रचून जाळ करायचा, खडक तापवायचा आणि पाणी ओतून तो तडकवायचा, अशी रीत होती. हे सारे चालायचे अरुंद खोदकामात, जेथे धूर निघून जायला वाट नाही. वर दगड सैल झालेला, खाली पाणी साचलेले, हवा विषारी. खोलीच्या त्या ६४० फुटांत प्राचीन कारागिराचे कौशल्य जितके दिसते तितकीच त्याने मोजलेली किंमतही दडलेली आहे. त्याच्यावर हुकूम कोणाचा चालत होता, हे दगड सांगत नाहीत. पण एवढ्या खोलवर माणसे उतरविण्यामागे संघटित सत्ता असणार, हे उघड आहे.

येथे एक सुखद योगायोग नमूद करावासा वाटतो. १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात या भागात हिंडणारे खाण-अभियंता सी. बीडन यांना मस्की येथील एका खडकावर कोरलेला लेख दिसला. तो अशोकाचा शिलालेख होता. आणि ‘देवानांप्रिय’ या बिरुदाबरोबर अशोकाचे प्रत्यक्ष नाव त्यात प्रथमच वाचावयास मिळाले. सोन्यासाठी निघालेल्या माणसाने इतिहासाला सोन्याहून मोलाची वस्तू मिळवून दिली.

सवलतीचे प्रकरण

आधुनिक काळात निजामाच्या राज्यातील खनिजांचा कारभार सुरू झाला तो मात्र एका बदनाम व्यवहाराने. १८८६ मध्ये वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रज गृहस्थांना राज्यातील खनिजे शोधण्याची व काढण्याची सवलत मिळाली आणि तिच्या आधारावर लंडनमध्ये ‘हैदराबाद (डेक्कन) कंपनी’ स्थापन झाली. कंपनीचे भागभांडवल दहा लाख पौंडांचे होते. पण त्याचा फार मोठा वाटा रोख रकमेच्या रूपाने आलाच नाही. सवलत मिळवून आणल्याचा मोबदला म्हणून तो पूर्ण भरलेल्या भागांच्या रूपाने सवलतदारांच्या पदरात पडला. राज्याच्या वतीने या वाटाघाटी करणारे सरदार दिलेर जंग, म्हणजेच अब्दुल हक, हे स्वतःच या व्यवहारात गुंतलेले निघाले. कंपनीचे भाग राज्यासाठी विकत घेताना त्यांनी आपल्याच जवळचे भाग चढ्या भावाने राज्याच्या गळ्यात घातले. प्रकरणाचा इतका गवगवा झाला की १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या निवड समितीने त्याची चौकशी केली आणि दिलेर जंग यांना पदावरून दूर व्हावे लागले.

या प्रकरणाचा उल्लेख संस्थानी दरबारातील भ्रष्टाचाराचा नमुना म्हणून नेहमी होतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील अर्थ वेगळा आहे. खाण सुरू होण्यापूर्वीच कंपनीच्या भांडवलावर मोठा बोजा चढला, तर प्रत्यक्ष कामासाठी उरणारा पैसा तुटपुंजा राहतो. लाभांशाची अपेक्षा मात्र पूर्ण भांडवलावर केली जाते. अशा कंपनीच्या व्यवस्थापकावर पहिल्या दिवसापासून दडपण असते ते माल काढण्याचे. आधार, पाण्याचे पंप, हवेच्या वाटा, मोजणीचे नकाशे हे सारे नंतर बघू, असे म्हणण्याकडे त्याचा कल झुकतो. डेक्कन कंपनीला सावरले ते सिंगरेणीच्या कोळशाने. १८८९ मध्ये येल्लंदूजवळ कोळसा निघू लागला आणि रेल्वेच्या रूपाने त्याला हमखास गिऱ्हाईक मिळाले. सोन्याच्या लहान खाणींना असा आधार नव्हता. लिंगसुगूरच्या परिसरात वोंदल्ली, टोपलदोड्डी अशा ठिकाणी झालेले प्रयत्न अल्पजीवी ठरले. टिकली ती एकटी हट्टी.

हट्टी कंपनीचा काळ : १९०२ ते १९२०

‘हट्टी (निझाम्स) गोल्ड माइन्स लिमिटेड’ या कंपनीच्या अमलाखाली १९०२ पासून नियमित काम सुरू झाले. रायचूर येथे रेल्वे १८७१ पासून होती. परंतु तेथून हट्टी सत्तर-ऐंशी किलोमीटर आत. बॉयलर, पंप, दगड कुटण्याची यंत्रे, लोखंडी दोर यांपैकी जे काही बाहेरून आणायचे ते रायचूरहून रस्त्याने. कोलारला १९०२ मध्येच शिवसमुद्रमच्या धबधब्यावरून वीज मिळाली होती. एकमेकींना लागून असलेल्या मोठ्या खाणी, एकच व्यवस्थापन संस्था, रेल्वेचा फाटा, मोठे इस्पितळ असा तेथील थाट होता. लहान आणि एकाकी खाणीला हे परवडत नाही. एखादा पंप बंद पडला तर शेजारच्या खाणीचा मागून आणावा, अशी सोयही तिला नसते.

तरीही अठरा वर्षांत मुख्य शिरेवरील काम सुमारे ३,५०० फूट खोल गेले. लहान खाणीच्या मानाने ही खोली विलक्षण आहे. आणि खोलीबरोबर प्रत्येक गोष्ट महाग होत जाते. दोर लांब लागतो, पाणी अधिक उंच चढवावे लागते, हवा खाली पोचत नाही, खडकावरचा भार वाढतो. त्यातच १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. पोलाद, दारू, यंत्रांचे सुटे भाग यांच्या किमती भडकल्या, जहाजे मिळेनाशी झाली. इतर मालाच्या उत्पादकाने अशा वेळी आपल्या मालाचा भाव वाढविला असता. सोन्याच्या खाणीला ती सोय नव्हती, कारण युद्धकाळात सोन्याचा अधिकृत दर जागचा हलला नाही. खर्च वाढता आणि दर बांधलेला, अशा कात्रीत मोठ्या खाणीही अडचणीत आल्या. हट्टीचे काम १९२० मध्ये थांबले. त्याच वर्षी डेक्कन कंपनीचा कोळशाचा व्यवसाय ‘सिंगरेणी कॉलिअरीज’ या नावाने नव्याने उभा राहिला. राज्याच्या खनिजसंपत्तीत कोळसा जगला आणि सोने बुडाले.

लहान खाणीचा हिशेब

शिरेच्या खाणीत माणसाला धोका पाच दिशांनी असतो. त्या पाचांचाही विचार केला तर एक गोष्ट ध्यानात येते. धोका टाळण्याचा उपाय प्रत्येक ठिकाणी माहीत आहे, फार गूढ नाही. पण त्या उपायातून एक गुंजभरही सोने निघत नाही.

पहिला धोका छत कोसळण्याचा. शीर काढून घेतल्यावर दोन्ही बाजूंच्या खडकांत पोकळी राहते. तिला लाकडी धिरे द्यावे लागतात, किंवा निरुपयोगी दगडाची भर घालावी लागते, किंवा शिरेचाच काही भाग खांब म्हणून तसाच सोडावा लागतो. शेवटचा उपाय सर्वांत अवघड, कारण त्या खांबात सोने असते. खाण तोट्यात जाऊ लागली की व्यवस्थापनाची नजर प्रथम या खांबांवर जाते. ते कापून घेतले तर दोन-चार महिने हिशेब गोड दिसतो.

दुसरा धोका ने-आण करण्याचा. माणसांना खाली सोडणारा पिंजरा एका लोखंडी दोरावर लोंबकळत असतो. दोर बाहेरून चकचकीत दिसला तरी आतील तारा गंजून तुटलेल्या असू शकतात. म्हणून ठरावीक मुदतीने त्याचे टोक कापून तपासायचे आणि आयुष्य संपले की चांगला दिसणाराही दोर टाकून द्यायचा, असा नियम असतो. दूरच्या लहान खाणीत नवा दोर येण्यास महिने लागतात आणि ‘अजून एक महिना’ असे म्हणण्याचा मोह होतो.

तिसरा धोका सुरुंगाचा. उडालेल्या सुरुंगांची मोजदाद नीट झाली नाही तर न उडालेली दारू भोकातच राहते आणि पुढच्या पाळीचा माणूस नेमका तेथेच छिद्र पाडू लागतो. याला उपाय म्हणजे एका पाळीच्या मुकादमाने दुसऱ्या पाळीच्या मुकादमाला लेखी हवाला देणे. त्यासाठी वाचता-लिहिता येणारा, जबाबदार आणि घाई नसलेला मुकादम लागतो. टनावर मजुरी ठरविणाऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली असा मुकादम टिकणे कठीण.

चौथा धोका हवेचा आणि धुळीचा. गारगोटीच्या खडकात कोरडे छिद्र पाडले की उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षांनी माणूस धापा टाकीत मरतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. १९४० ते १९४६ या काळात कोलारमध्ये सात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली, तेव्हा ४० टक्क्यांहून अधिक लोकांत हा रोग आढळला. छिद्र पाडताना पाण्याची धार सोडली तर धूळ बरीच बसते. पण त्यासाठी प्रत्येक कामाच्या तोंडापर्यंत दाबाने पाणी पोचवावे लागते. कोलारसारख्या संपन्न ठिकाणी ही स्थिती, तर तुटपुंज्या भांडवलावर चालणाऱ्या खाणींत काय असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. या मरणाचा आणखी एक विशेष असा की ते खाणीत येत नाही. माणूस काम सोडून गावी जातो आणि तेथे मरतो. अपघाताच्या वहीत त्याचे नाव चढत नाही.

पाचवा धोका पाण्याचा. हट्टीसारख्या जुन्या क्षेत्रात तो विशेष गंभीर असल्याने त्याचा स्वतंत्र विचार केला पाहिजे.

जुने पाणी

चालू खाणीतले पाणी पंपाने उपसता येते. भय असते ते जवळच्या सोडून दिलेल्या खोदकामात साचलेल्या पाण्याचे. दोहोंमधील खडकाची भिंत नकळत पातळ झाली आणि एका सुरुंगाने फुटली, तर शेकडो फूट उंचीच्या पाण्याचा लोंढा क्षणार्धात कामावरच्या माणसांवर येतो. ऑस्ट्रेलियातील क्रेसविक येथे हेच घडले. तेथील न्यू ऑस्ट्रेलेशियन या सोन्याच्या खाणीत १२ डिसेंबर १८८२ च्या पहाटे, शेजारच्या बंद पडलेल्या जुन्या खाणीचे पाणी घुसले. खाली अडकलेल्यांपैकी २२ जण दगावले. दोन दिवस अखंड पंप चालवून बचाव-पथक आत पोचले तेव्हा केवळ पाच जण जिवंत होते. मृतांपैकी काहींनी आपल्या जेवणाच्या डब्यांवर घरच्यांसाठी शेवटचे निरोप कोरून ठेवले होते. आपल्याकडे २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथील कोळशाच्या खाणीत जुन्या कामातील पाणी फुटून पावणेचारशेच्या आसपास कामगार बळी पडले. खनिज वेगळे, देश वेगळा, शतक वेगळे. कारण मात्र एकच.

या संकटावर उपाय आहे तो मुख्यतः कागदावरचा. जुने खोदकाम कोठपर्यंत गेले आहे याचा खरा नकाशा हवा. तो नसेल किंवा त्याचा भरवसा नसेल, तर पुढे सरकण्यापूर्वी लांब छिद्रे पाडून समोर पाणी आहे काय हे पाहावे लागते. म्हणूनच खाण बंद करताना तिचे अखेरचे नकाशे सरकारकडे जमा करण्याचे बंधन आधुनिक कायद्याने घातले. बंद पडणारी कंपनी मात्र अशा वेळी शेवटचा खर्च वाचविण्याच्या मागे असते. मोजणीदाराला आधीच रजा दिलेली असते. तिने न काढलेल्या नकाशाची किंमत वीस-पंचवीस वर्षांनी येणाऱ्या कामगाराला द्यावी लागते.

हट्टीत तर असे दोन थर होते. वर दोन हजार वर्षांपूर्वीचे खोदकाम, ज्याचा नकाशा कोणी काढलेलाच नव्हता. आणि त्याखाली १९२० मध्ये सोडून दिलेली ३,५०० फुटांपर्यंतची कामे. निजाम सरकारने १९३७ मध्ये खाणीत पुन्हा लक्ष घातले. १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमानाचा त्याग केल्यावर सोन्याचा भाव चढू लागला होता आणि जगभरच्या बंद खाणींकडे पुन्हा लोकांचे लक्ष वळले होते. पण सतरा वर्षे बंद राहिलेली खाण उघडणे हे नवी खाण खोदण्याहून धोक्याचे काम असते. पाणी उतरत जाते तसतसे ओले, कुजलेले धिरे उघडे पडतात, शिड्यांचा भरवसा नसतो आणि हालचाल न झालेल्या हवेत प्राणवायू उरलेला नसतो.

कायद्याची मर्यादा

खाणकामगारांच्या रक्षणाचा कायदा भारतात अपघातांनीच घडविला. १८९७ मध्ये कोलारच्या खाणीतील दुर्घटनेत ५२ माणसे मृत्यू पावली. त्या सुमारास बलुचिस्तानातील खोस्त येथील कोळशाच्या खाणीत ४७ जणांचा बळी गेला. त्यानंतर १९०१ चा खाणकायदा आला आणि ७ जानेवारी १९०२ रोजी कलकत्त्यात खाणनिरीक्षणाचे कार्यालय उघडले. आजच्या धनबाद येथील खाणसुरक्षा महासंचालनालयाचे हे मूळ.

वाचकांच्या लक्षात यावे असे आहे की ज्या वर्षी हे कार्यालय सुरू झाले, त्याच वर्षी हट्टीचे नियमित काम सुरू झाले. पण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केलेला कायदा संस्थानांत आपोआप लागू होत नसे. कोलार म्हैसूर संस्थानात, हट्टी निजामाच्या राज्यात. ज्या अपघाताने कायद्याला चालना दिली ती खाणच त्या कायद्याच्या थेट कक्षेबाहेर राहिली! संस्थानांनी पुढे आपापले नियम केले हे खरे. परंतु संस्थानी सरकारला स्वामित्वधन त्याच खाणींतून मिळायचे आणि कंपनीचे संचालक लंडनमध्ये बसायचे. कामगाराने दाद मागावी कोणाकडे? तपासणी करणारा आणि उत्पन्नाचा वाटा घेणारा एकच असला म्हणजे तपासणीची धार बोथट होते. खाण लहान असेल तर बंद पडण्याची भीती दोघांनाही असते आणि मग नियमाकडे काणाडोळा करण्यावर दोघांचेही एकमत होते.

संस्थानांच्या विलीनीकरणानंतर हा दुभंग संपला. १९५२ च्या खाणकायद्याने व्यवस्थापकाची पात्रता, निरीक्षकांचे अधिकार, कामाचे तास यांविषयी एकसूत्रता आणली. सिलिकोसिसची खबर देणे त्याच वर्षी बंधनकारक झाले. १९६१ मध्ये धातूंच्या खाणींसाठी स्वतंत्र विनियम आले. या सर्व तरतुदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ती म्हणजे नोंद. पिंजऱ्याच्या दोराची नोंद, दारूची नोंद, पाळीच्या तपासणीची नोंद, जुन्या कामांच्या नकाशाची नोंद. कायद्याने जणू एवढेच म्हटले की जे लिहून ठेवले नाही ते केलेच नाही, असे समजले जाईल.

राज्याची खाण

१९४७ मध्ये ‘हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी’ स्थापन झाली. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात सामील झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य-पुनर्रचनेत हैदराबाद राज्यच नकाशावरून पुसले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात आणि रायचूर जिल्ह्याबरोबर हट्टी म्हैसूर राज्यात. कंपनीच्या नावातील ‘हैदराबाद’ जाऊन तेथे ‘हट्टी’ आले. आज ती कर्नाटक सरकारची कंपनी आहे. कोलारचे काम २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाले. त्यानंतर शिरेतून थेट सोने काढणारी देशातील प्रमुख खाण म्हणून लहानगी हट्टीच उरली. मल्लप्पा शाफ्ट, सेंट्रल शाफ्ट आणि व्हिलेज शाफ्ट या तीन उभ्या वाटांनी तिचे काम चालत आले आहे.

दूरच्या भागधारकांच्या जागी सरकार आले, म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. सरकारी कंपनीलाही नफा-तोट्याचा हिशेब असतो आणि अंदाजपत्रकाचे वर्ष तर भागधारकाच्या सहामाहीहून फारसे दूरदर्शी नसते. फरक पडला तो एवढाच की आता कामगाराला कायदा, संघटना आणि विधिमंडळ या तीन दारांवर थाप मारता येते. लहान खाणीच्या इतिहासात हा फरक क्षुल्लक मानता येणार नाही.

मागे राहिलेला सोमल

खाणीची सुरक्षितता खाली उतरणाऱ्या माणसापुरतीच मानण्याची आपली सवय आहे. हट्टीच्या उत्तरेस, पूर्वीच्या शोरापूर आणि आजच्या यादगीर जिल्ह्यातील मंगळूर पट्ट्याची हकीकत ही सवय मोडायला पुरेशी आहे. तेथेही जुनी, बंद पडलेली सोन्याची खाण आहे. धारवाड खडकांतील सोन्याबरोबर अनेकदा सोमल असलेले खनिज येते. दगड कुटून, पारा आणि सायनाइड वापरून सोने काढून घेतले की उरलेली राखाडी पूड टेकड्यांसारखी रचून ठेवली जाते. कंपनी निघून जाते, पूड तेथेच राहते.

या परिसरातील एका वस्तीचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ५९ कूपनलिकांच्या पाण्याचे नमुने तपासले असता ७९ टक्के नमुन्यांत सोमलाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा, अधिक निघाले. सर्वाधिक प्रमाण ३०३ होते. जमिनीच्या वरच्या थराच्या १२ नमुन्यांपैकी ६ नमुन्यांत किलोला २,००० मिलिग्रॅमहून अधिक सोमल होता. तपासलेल्या १८१ लोकांपैकी ५८.६ टक्के लोकांच्या त्वचेवर सोमलाच्या विषबाधेची लक्षणे दिसली. यात निसर्गतः खडकात असलेल्या सोमलाचा वाटा किती आणि खाणीच्या पुडीचा किती, याचा निवाडा अधिक अभ्यासाने व्हायचा आहे, असे त्या संशोधकांनी प्रामाणिकपणे म्हटले आहे. परंतु ज्या माणसांच्या हातांवर आज चट्टे आहेत, त्यांपैकी कोणीही त्या कंपनीचा भाग विकत घेतला नव्हता किंवा तिच्या पगारपत्रकावर सही केली नव्हती, एवढे निश्चित.

समारोप

हट्टीच्या प्रदीर्घ इतिहासावरून एक निष्कर्ष स्वच्छपणे मांडता येतो. लहान खाणीतील असुरक्षितता ही केवळ दैवाची किंवा कामगाराच्या निष्काळजीपणाची गोष्ट नव्हे. भांडवल कसे उभे केले, दर कोणी बांधला, तपासणी कोणाच्या हाती ठेवली आणि नकाशा काढण्याचा खर्च कोणी टाळला, या प्रश्नांच्या उत्तरांत अपघाताची बीजे कित्येक वर्षे आधी पडलेली असतात. १८८६ मध्ये लंडनमध्ये झालेला भागांचा व्यवहार आणि लिंगसुगूरच्या माळावर जमिनीखाली द्यायचा लाकडी धिरा यांचा संबंध प्रथमदर्शनी दिसत नाही. तो असतो.

दुसरी गोष्ट विशेषतः ग्रंथालयाच्या परिवाराने विचारात घ्यावी अशी आहे. खाण-कंपन्यांचे वार्षिक अहवाल टन, औंस आणि शिलिंग यांच्या भाषेत लिहिले जात. किती सोने निघाले याचा हिशेब औंसाच्या अपूर्णांकापर्यंत जपला गेला. धूळ छातीत घेऊन गावी परतलेल्या माणसाची मोजदाद मात्र कोलारच्या तपासणीपर्यंत कोणाला आवश्यक वाटली नव्हती. जुन्या हैदराबाद राज्याची गॅझेटिअरे, प्रशासन-अहवाल, नकाशे, उर्दू व इंग्रजी जाहीरनामे आपल्यासारख्या संस्थांच्या कपाटांत जपले जातात, तेव्हा ते केवळ अभ्यासकांच्या सोयीसाठी जपले जातात असे समजू नये. बंद खाणीचा एखादा जुना नकाशा भविष्यात एखाद्या पाळीतील माणसांचे प्राण वाचवू शकतो आणि जुन्या पुडीच्या ढिगाची जागा दाखविणारी एखादी नोंद एखाद्या वस्तीचे पाणी निर्धोक करू शकते. रायचूरकडील कन्नड वाचनालये, हैदराबादेतील तेलुगू व उर्दू संस्था आणि आपण मराठी वाचक यांनी या एका कामात तरी भाषेच्या सीमा बाजूला ठेवून परस्परांची कपाटे उघडावीत. ज्या राज्याचे आपण सर्व एकेकाळी रहिवासी होतो, त्या राज्याच्या भूगर्भात उतरलेल्या माणसांचे ऋण काही अंशी तरी त्यामुळे फिटेल.